डिंगीवरून कीलबोटीवर जाताना

मुंबई बंदरात लेझरवर, म्हणजे एकट्याने चालवायच्या हलक्या शिडाच्या डिंगीवर, दोन-तीन हंगाम काढलेली मंडळी एक दिवस जे-२४ किंवा सीबर्डसारख्या कीलबोटीच्या (बुडाखाली जड पातं, म्हणजे कील, असलेल्या बोटीच्या) टिलरवर, सुकाणूच्या दांड्यावर, बसतात आणि पहिल्या अर्ध्या तासात म्हणतात, "ही तर सोपी आहे!" बोट उलटत नाही, कपडे कोरडे राहतात, झोत आला की ती सावकाश कलते आणि सावकाश सरळ होते. मग परतताना बोट बांधायचा तरंगता बोया धरायची वेळ येते. लेझरवरच्या सवयीने बोयाच्या एक-दोन बोटलांबी अलीकडे नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याच्या तोंडावर धरली जाते, शिडं फडफडू लागतात आणि बोट मात्र थांबत नाही. बोया बाजूने निघून जातो.

माझंही असंच झालं. नाळेवर उभ्या असलेल्या सोबत्याने आकडीने बोयाची दोरी पकडली होती आणि बोट पुढे ओढत होती. त्याने आकडी वेळेत सोडली म्हणून तो पाण्यात गेला नाही. चूक माझी होती: मी दीडशे किलोची बोट चालवत असल्यासारखा वागलो आणि हाताखाली होती अठराशे किलोंची. तेव्हापासून डिंगीवरून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वजनाबद्दल सांगतो. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

वजन कुठे आहे, ते आधी समजून घ्या

लेझरचं (आता तिला इल्का म्हणतात) नुसतं बूड ५९ किलोचं, लांबी ४.२३ मीटर आणि मोठं शीड ७.०६ चौरस मीटर. डोलकाठी, शीड आणि तुम्ही स्वतः धरून सगळा कारभार दीडशे किलोंच्या आसपास, आणि त्यातला निम्मा भार तुमचा. म्हणजे बोटीचं खरं वजन तुम्हीच. तुम्ही बाहेर झुकलात तर ती सरळ, आत सरकलात तर आडवी.

जे-२४ ची लांबी ७.३२ मीटर, वजन सुमारे १,४०० किलो, आणि त्यातलं ४३० किलोंच्या आसपास शिसं पाण्याखाली कीलमध्ये. पाच माणसं चढली की अठराशे किलो. इथेही माणसांचं वजन कामाचं असतं, पण बोट उभी ठेवण्याची शेवटची जबाबदारी शिशाची.

दोन्ही बोटी वेगळ्या रीतीने सावरतात, हे नीट लक्षात घ्या. डिंगी सुरुवातीला बुडाच्या रुंदीवर टिकते. ती थोडी कलली की तिचा आधार झपाट्याने संपतो, आणि एका मर्यादेपलीकडे गेली की उलटतेच. कीलबोटीचं उलटं आहे. ती पहिले काही अंश सहज कलते, त्यामुळे नवख्याला भीती वाटते. पण ती जितकी कलेल तितकं खालचं शिसं बाजूला सरकतं आणि तिला जोराने सरळ ओढू लागतं. म्हणून पंधरा अंशांवर घाबरू नका. आणि पस्तीस अंशांवर शिडं न आवरता "कील आहे की" म्हणून बसूनही राहू नका. तेव्हा बोट उलटत नसली तरी बाजूला घसरत असते आणि सुकाणूची पकड सुटत असते.

आणखी एक फरक फार थोडे जण सांगतात. डिंगीत हवेच्या बंद पोकळ्या असतात, त्यामुळे उलटली तरी ती तरंगते. कीलबोटीच्या पोटात पाणी शिरलं तर तेच शिसं तिला तळाला नेतं. निघण्यापूर्वी कॉकपिटमधल्या पेट्यांची झाकणं लावून अडकवणं, जोराच्या वाऱ्यात केबिनच्या दाराच्या फळ्या बसवणं, ही कामं डिंगीवर नसतात. इथे ती रोजची आहेत.

पाण्याची खोली: डिंगीवर न लागलेला हिशोब

डिंगीची सेंटरबोर्ड (वर-खाली होणारी मधली फळी) चिखलाला लागली की आपण ती वर ओढतो आणि पुढे जातो. जे-२४ ची कील पाण्याखाली १.२२ मीटर जाते आणि ती वर येत नाही. म्हणून निघण्याआधी भरतीचं कोष्टक आणि नकाशा दोन्ही बघा.

हिशोब सोपा आहे. नकाशावरची खोली अधिक त्या वेळची भरतीची उंची, उणे तुमची कील. नकाशावर ०.९ मीटर लिहिलं आहे, कोष्टकाप्रमाणे त्या वेळी पाणी १.८ मीटर, म्हणजे प्रत्यक्षात २.७ मीटर खोली. कीलखाली दीड मीटर उरतं. नकाशावरच्या आकड्याखाली रेघ असेल तर ती जागा ओहोटीला उघडी पडते, तो आकडा भरतीच्या उंचीतून वजा करायचा. लाटांसाठी आणि नकाशानंतर साचलेल्या गाळासाठी थोडं पाणी हातचं राखा. मी किमान अर्धा मीटर धरतो.

भरती-ओहोटीचा वेग सगळ्या तासांत सारखा नसतो. बाराव्या हिश्श्यांचा नियम पाठ करा: सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासात बारावा हिस्सा पाणी उतरतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटरच्या वर जातं. ते ४.२ मीटर धरलं तर नुसत्या तिसऱ्या तासात १.०५ मीटर पाणी निघून जातं. कीलच्या खोलीच्या जवळपास. "जाताना तर इथून आरामात गेलो होतो" हे रुतलेल्या बोटीवर ऐकू येणारं वाक्य यातूनच येतं.

रुतलात तर पाणी चढतंय की उतरतंय हा पहिला प्रश्न. चढत असेल तर शिडं सोडा, नांगर टाका, थांबा. पाणीच तुम्हाला उचलेल. उतरत असेल तर एक मिनिटही घालवू नका. सगळ्यांना एका बाजूला बसवा, बोट कलली की कीलची टोकाची खोली कमी होते, आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने बाहेर पडायचा प्रयत्न करा. पुढे रेटू नका. पुढे पाणी आणखी उथळ असतं.

कीलला दुसरा धोका मासेमारीच्या जाळ्यांचा. डोलीची जाळी प्रवाहात एका जागी बांधलेली असतात, त्यांच्या दोऱ्या आणि तरंगणारी बोयं सकाळच्या उन्हात चमकत्या पाण्यावर दिसत नाहीत. डिंगी बोर्ड उचलून त्यावरून सरकते, कीलबोट अडकते आणि कोळ्याचं महागाचं जाळं फाटतं. एक माणूस फक्त पाणी बघायला नाळेकडे बसवा. जेनोआ (पुढचं मोठं शीड) पाण्यालगत असतो, टिलरवरून वाऱ्याखालची अर्धी बाजू दिसत नाही.

बोया सोडून निघणं

डिंगी उतारावरून पाण्यात ढकलायची, नाळ वाऱ्याकडे करून शीड लावायचं, उडी मारून बसायचं. कीलबोट बोयाला बांधलेली असते आणि ती वाऱ्याकडे तोंड करून उभी असेलच असं नाही. भरतीच्या प्रवाहाचा जोर वाऱ्यापेक्षा जास्त असला की ती प्रवाहाकडे तोंड करते.

गेटवेसमोर हे रोज घडतं. दुपारी खारं वारं वायव्येकडून येतं. भरतीचं पाणी ढोबळमानाने दक्षिणेकडून आत शिरतं, म्हणजे भरतीच्या वेळी बोटीचं तोंड दक्षिणेकडे आणि वारा तिच्या पिछाडीच्या कोपऱ्यातून. अशा वेळी मेनसेल (डोलकाठीमागचं मुख्य शीड) चढवलं तर ते ताबडतोब भरतं, बूम (त्याच्या खालचा आडवा दांडा) मोकळी होत नाही आणि बोट बोयाला बांधलेली असतानाच पळू लागते. म्हणून:

वारा मध्यापेक्षा पुढून असेल तर आधी मेनसेल, मग बोया सोडा. वारा मध्यापेक्षा मागून असेल तर नुसत्या जिबवर (पुढच्या छोट्या शिडावर) बोया सोडा, मोकळ्या पाण्यात जा, तिथे वाऱ्याकडे वळून मेनसेल चढवा.

दोन्ही वेळा आधी आजूबाजूला बघा: बोया सुटल्यावर कोणत्या बाजूला वळणार, तिथे कुणाची बोट आहे, शेवटच्या क्षणी वळता नाही आलं तर दुसरी वाट कोणती. डिंगीत पायाने ढकलून वेळ मारून नेता येते. इथे दोन बोटींच्या मध्ये हात किंवा पाय घालायचा नाही, कधीच नाही. मध्ये फेंडर (धक्का झेलणारी गादी) घाला, आणि फेंडर नसेल तर बोटीला ओरखडा जाऊ द्या.

टिलरवर काय जाणवतं

शब्दांचा एक घोळ आधी मिटवू. शीड म्हणजे कापड आणि शीट म्हणजे त्याला आवरणारी दोरी. नवखे दोन्हींत गोंधळतात, म्हणून मी पुढे सरळ दोरीच म्हणतो.

डिंगीत झोत आला की एका क्षणात तीन गोष्टी होतात: थोडी दोरी सोडायची, अंग बाहेर टाकायचं, बोट सरळ झाली की दोरी परत घ्यायची. हे शरीरात भिनलेलं असतं. कीलबोटीत अंग बाहेर टाकून अठराशे किलो सरळ होत नाहीत. इथे झोताची खबर टिलर देतो. बोट कलली की ती स्वतःहून वाऱ्याकडे वळू पाहते आणि टिलर हाताला ओढतो. थोडी ओढ चांगली, सुकाणू तीन ते पाच अंश वळलेला असेल तर बोट खुशीत आहे. टिलर छातीशी ओढून धरावा लागत असेल तर सुकाणू ब्रेकसारखा पाण्याला अडवतोय.

मग हाताने झुंजू नका, शिडं बदला. या क्रमाने: ट्रॅव्हलर (मेनची दोरी आडवी सरकवणारी पट्टी) वाऱ्याखाली सरकवा म्हणजे मेनसेलचा आकार न मोडता दाब कमी होतो. बॅकस्टे (डोलकाठीच्या टोकापासून पिछाडीपर्यंतची तार) ताणा, डोलकाठी वाकून मेनसेल सपाट होतं. तरी टिलर ओढतच असेल तर मेनची दोरी सोडा. तेवढ्याने भागत नसेल तर शिडं कमी करायची वेळ झाली, कदाचित दहा मिनिटांपूर्वीच झाली होती.

लेझरवर शीड लहान करत नाहीत. कनिंगहॅम, व्हँग, आऊटहॉल या दोऱ्या ताणून ते सपाट करतात आणि हाईक करतात, म्हणजे अंग बाहेर टाकतात. कीलबोटीत जेनोआ उतरवून छोटा जिब लावणं किंवा मेनसेलला रीफ घेणं (ते खालून बांधून लहान करणं) हा खेळाचाच भाग आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: १० नॉटचा (ताशी १० सागरी मैलांचा) वारा १४ झाला की दोऱ्यांवरचा ताण जवळजवळ दुप्पट. जे-२४ वर १८ ते २० नॉटच्या सुमारास, माणसांच्या वजनाप्रमाणे, आम्ही जेनोआ बदलतो. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेली ५६ फुटी बोटही कीलबोटच. तेवढ्या बोटीवर एकट्या माणसाने शिडं वेळेआधी कमी केली नाहीत तर नंतर ती आवरायला दुसरे हात नसतात.

विंचबद्दल, म्हणजे दोरी ओढायच्या फिरत्या पिंपाबद्दल, चार शब्द. दोरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दोन-तीन वेळा गुंडाळा. ढिली दोरी हाताने ओढून घ्या, ताण आल्यावरच आणखी एक वेढा द्या. आधीच जास्त वेढे दिले तर ते एकमेकांवर चढून अडकतात. बोटं विंचपासून वीतभर लांब. सोडताना तळहात वेढ्यांवर टेकवून हळूहळू सोडा. आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही. लेझरवर ही सवय चालून जाते, जेनोआच्या दोरीने बोटं जातात.

टॅक

टॅक म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून बाजू बदलणं. डिंगीचा चांगला टॅक झटक्यात होतो. बोट आपल्याकडे झुकवायची, वाऱ्यातून फिरली की दुसऱ्या बाजूला उडी मारून सपाट करायची. हलकी असल्याने ती अर्ध्यात थांबण्याची भीती, म्हणून घाई.

कीलबोटीला घाई चालत नाही. टिलर एकदम ढकलला तर सुकाणू पाणी अडवतो आणि कमावलेला वेग जातो. सुरुवात हळू करा, तिचं वजन तिला वाऱ्याच्या रेषेपर्यंत नेतं. वाऱ्याच्या तोंडावर आल्यावर थोडा वेगाने फिरवा, नव्या बाजूला आल्यावर पुन्हा हळू. जेनोआ सोडणाऱ्याचं काम सगळ्यात नाजूक. लवकर सोडला तर वेग जातो, उशिरा सोडला तर तो उलटा भरून नाळ ढकलतो. जेनोआचा पुढचा काठ आत दबायला लागला की सोडा, तोवर नाही.

टॅक झाल्यावर लगेच वाऱ्याला चिकटून जाऊ नका. नाळ पाच-सात अंश खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, ठेवा, बोटीला वेग घेऊ द्या, मग हळूहळू वर या आणि त्याबरोबर शिडं आवळत न्या. अठराशे किलोंना वेग धरायला डिंगीच्या कितीतरी पट वेळ लागतो. शर्यतीत डिंगीवाले कीलबोटीत हरतात ते बहुतेक इथेच: प्रत्येक बदलत्या झोतावर टॅक करतात आणि वेग कधीच जमत नाही. बोट वाऱ्याच्या तोंडावर अडकलीच तर जिब उलट्या बाजूला ओढून धरा, नाळ आपोआप एका बाजूला पडेल.

जाईब: इथे सावकाश वाचा

जाईब म्हणजे पिछाडी वाऱ्यातून फिरवून बाजू बदलणं. डिंगीत जाईब चुकला तर बोट उलटते, तुम्ही भिजता, बोर्डवर चढून तिला सरळ करता. कीलबोटीत जाईब चुकला तर बोट बहुधा सरळच राहते आणि बूम कुणाच्या तरी डोक्यावरून जाते. त्या बूमच्या मागे तुमच्या लेझरच्या शिडापेक्षा कितीतरी मोठं शीड असतं. मला या सगळ्या लेखात एकच गोष्ट पाळायला सांगायची झाली तर ही: आवाज दिल्याशिवाय जाईब करायचा नाही.

टिलरवाला विचारतो, "जाईबला तयार?" प्रत्येक जण "तयार" म्हणतो, नुसती मान डोलावणं चालत नाही. सगळे खाली वाकतात. मेनची दोरी धरणारा बूम मध्यापर्यंत ओढून आणतो. तेव्हाच टिलरवाला हळूच पिछाडी वाऱ्यातून फिरवतो. बूम पलीकडे गेली की दोरी लगेच, पण हाताळून, मोकळी सोडायची. मध्यात धरून ठेवली तर बोट वाऱ्याकडे फिरून आडवी होते.

वाऱ्याच्या अगदी पाठीवर चालताना टिलरवाल्याचं लक्ष एका क्षणासाठी गेलं, एक लाट आली, की बूम स्वतःहून पलटते. म्हणून मी नवख्यांना अगदी पाठीवर जाऊच देत नाही. दहा-पंधरा अंश वर, म्हणजे वाऱ्याकडे, ठेवा, अंतर थोडं वाढेल. लांब पल्ला असेल तर बूमला पुढून दोरीने बांधून ठेवा.

थांबणं, आणि बोया धरण्याचा सराव

पहिल्याच दिवशी, मोकळ्या पाण्यात, हा सराव तासभर करा. पाण्यावर तरंगणारी एखादी वस्तू टाका; दोरीला बांधलेला फेंडर चालेल. क्लोज रीचवर (वारा तिरका पुढून घेत) तिच्याकडे या, शिडं मोकळी करा, नाळ वाऱ्याकडे फिरवा आणि बोट थांबेपर्यंत किती बोटलांबी सरकते ते मोठ्याने मोजा. सपाट पाण्यात मध्यम वाऱ्याला तीन-चार बोटलांबी सहज जातात, लाटा असतील तर कमी. बोटीवर माणसं जास्त असतील तर आणखी पुढे. हा आकडा तुमच्या बोटीचा, त्या दिवसाच्या वाऱ्याचा. दर वेळी नव्याने मोजा.

बोयाकडे येताना वारा आणि प्रवाह यांत जो जोरदार, त्याच्या विरुद्ध या. कळत नसेल तर शेजारच्या, तुमच्यासारख्याच कीलच्या बोटी कशा उभ्या आहेत ते बघा. त्या ज्या दिशेला तोंड करून आहेत त्याच दिशेने शेवटचा टप्पा घ्या. वेग जास्त वाटला तर बोया सोडून द्या आणि पुन्हा फेरी मारून या. धावत्या बोटीवरून बोया धरण्याचा हट्ट केला तर माणूस पाण्यात जातो.

माणूस पडला तर

डिंगीत पडणं रोजचं. कीलबोटीत पडलेला माणूस दहा सेकंदांत तीन-चार बोटलांबी मागे राहतो, आणि काठ उंच असल्याने एकट्याने वर चढू शकत नाही. लाइफ जॅकेट कीलबोटीत कोरडे असतानाही घाला. आणि हे घोकून ठेवा:

१. जो बघेल त्याने ओरडायचं, तरंगणारी जी वस्तू हाताशी असेल ती फेकायची.
२. एकाने फक्त पडलेल्या माणसाकडे हात रोखून उभं राहायचं. दुसरं कोणतंही काम त्याला द्यायचं नाही.
३. टिलरवाल्याने वारा बाजूने घेऊन पाच-सहा बोटलांबी जायचं, मग टॅक करायचा. जाईब नाही.
४. थोडं खाली उतरून क्लोज रीचवर माणसाकडे यायचं, म्हणजे शिडं सोडून-आवळून वेग नेमका ठेवता येतो.
५. त्याच्याजवळ शिडं मोकळी, बोट थांबलेली. दोरीचा फास त्याच्या काखेखाली, मग शिडी किंवा विंचवर घेतलेली दोरी.

माणसाऐवजी फेंडरवर हे प्रत्येक हंगामाच्या पहिल्या आठवड्यात करा. आठवड्यानंतर नाही.

बाकीच्यांना वाट देणं

शिडाची बोट म्हणून आपल्यालाच वाट, हा डिंगीवाल्यांचा समज बंदराच्या खोल वाटेत सोडून द्या. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम सांगतो की अरुंद खोल वाटेतच चालू शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या बोटीने अडथळा करायचा नाही. डिंगी उथळ पाण्यात पळून जाते. तुम्हाला कील आहे, म्हणून वाट ओलांडायची कुठे आणि कधी हे आधीच ठरवा. मांडवा आणि घारापुरीच्या लाँचच्या लाटांना नाळ थोडी तिरकी द्या आणि वेग ठेवा. वेग गेलेली कीलबोट त्या लाटांत नुसती डोलते.

बोट सोडून येताना

डिंगी ओढून वर आणली, धुतली, कव्हर घातलं की संपलं. कीलबोट तुमच्यामागे रात्रभर पाण्यात राहते. बोयाची दोरी नाळेच्या कडेला जिथे घासते तिथे जुना पाइप किंवा चामडं गुंडाळा आणि ते रोज बघा. टिलर बांधा, डोलकाठीवर आपटणाऱ्या दोऱ्या बाजूला ओढा, झाकणं बंद. मे संपण्याआधी पावसाळ्यासाठी बोट वर घेतली की कील आणि बूड जिथे जुळतात त्या रेषेवर नख फिरवून बघा. तडा किंवा गंजाचा ओघळ दिसला, आणि हंगामात कुठे तळ लागलेला आठवत असेल, तर कीलचे बोल्ट जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय ऑक्टोबरमध्ये ती पाण्यात सोडू नका.